रंधा मशीनची पाती बसवली की दोन दिवसांत पुन्हा बिघडतात? आधी पात्याची बैठक बघा

चवथ दहा-बारा दिवसांवर आली होती आणि माझ्याकडे गणपतीच्या पाटांचं काम होतं. फणसाच्या दोन फळ्या कडेला कड लावून जोडायच्या आणि एक रुंद पाट करायचा, काम एवढंच. पण सांधा मधोमध कागदही जाणार नाही असा बसायचा आणि एका टोकाला, शेवटच्या चार-पाच सेंटीमीटरमध्ये, बारीक फट राहायची. दोन्ही फळ्या एकमेकींवर उभ्या धरून दाराच्या उजेडाकडे बघितलं की तेवढ्याच भागात उजेडाची रेघ दिसायची. शिकंजा आवळून ती मिटवता आली असती, पण तसा सांधा पावसाळा सरून हवा कोरडी झाली की उघडतोच. देवाचा पाट असा करून देणं मला पटेना.

त्या आठवड्यात मी सरफेस प्लेनरची, म्हणजे रंधा मशीनची, पाती तिसऱ्यांदा बसवत होतो. बसवली की पहिला दिवस काम सुरेख व्हायचं. दुसऱ्या दिवशी लाटा, तिसऱ्या दिवशी टोकाला खड्डा. वाड्यावरचे एक जुने मेस्त, म्हणजे सुतार, सहज डोकावले. मी पट्टी लावून पात्याची उंची मोजत होतो. थोडा वेळ बघून म्हणाले, "आदीं बसका नितळ कर, मागीर पातें बसय." आधी बैठक स्वच्छ कर, मग पातं बसव. मोजण्यात माझं काही चुकतच नव्हतं. ज्यावर पातं टेकतं ती जागाच घाण होती.

खाली लिहिलंय ते सरळ लांब पाती, पाचर आणि बोल्ट असलेल्या कटर ब्लॉकसाठी आहे. कटर ब्लॉक म्हणजे पाती घेऊन फिरणारा दंडगोल; पातं त्याच्या खाचेत बसतं आणि बोल्टने दाबलेली पाचर ते धरून ठेवते. आपल्याकडच्या बहुतेक लहान कारखान्यांत हीच मशीन असतात. मशीनचा जो भाग लाकूड आत घेतो त्याला मी इनफीड टेबल म्हणतो आणि कापलेलं लाकूड ज्यावर येतं त्याला आउटफीड.

आणि हात घालण्याआधी एक. स्विच बंद करून भागत नाही, प्लग काढा. थ्री-फेज जोडणी असेल तर मेन स्विच पाडा आणि फ्यूज काढून खिशात ठेवा. पाती थांबलेली असली तरी कापतात. पाना निसटला की हात सरळ धारेवर जातो, म्हणून ज्या पात्याचे बोल्ट सोडताय त्याच्या धारेवर लाकडी पट्टी किंवा जाड रबर ठेवा आणि ब्लॉक फिरू नये म्हणून लाकडी पाचर मारून अडवा.

आजार कुठला ते फळीला विचारा

पाती सोडण्याआधी एक सरळ, कोरडी फळी मशीनवरून काढा आणि तिची कड नीट बघा. दोष कुठे आहे ते फळी सांगते, आणि न बघता पाती सोडली तर हातचा पुरावा जातो.

फळीच्या शेवटच्या टोकाला खड्डा पडत असेल, तर आउटफीड टेबल पात्याच्या सर्वांत वरच्या टोकापेक्षा खाली आहे. फळीचा पुढचा भाग आउटफीडवर किंचित अधांतरी चालतो. मागचं टोक इनफीडच्या ओठावरून, म्हणजे पात्याजवळच्या कडेवरून, सुटलं की फळी तेवढी खाली बसते आणि पातं खोल जातं. म्हणूनच हा खड्डा साधारण इनफीडच्या ओठापासून पात्यापर्यंतच्या अंतराएवढाच लांब असतो. माझ्या पाटांचं दुखणं हेच होतं.

उलट, फळी आउटफीडच्या ओठाला अडत असेल किंवा सुरुवातीला नीट कापून पुढे पुढे काप पातळ होत जात असेल, तर आउटफीड उंच आहे. फळी त्याच्यावर चढते.

कड गुण्यात येत नसेल तर पात्यांना दोष देण्याआधी फेन्सला, म्हणजे फळी टेकवून ढकलायच्या उभ्या पट्टीला, गुण्या लावून बघा. फेन्स बरोबर असून रुंद फळीवर एका बाजूला जास्त आणि दुसरीकडे कमी कापत असेल, तर पाती टेबलाला समांतर नाहीत.

फळीवर लांबच्या लांब उभी रेघ, बोटाला लागणारी, दिसली तर पात्याला खाच पडलीय. एखादा खिळा किंवा वाळूचा कण गेला असेल. खाच बारीक असेल तर लगेच धारेला पाठवायची गरज नसते. एक पातं बाजूला एक मिलिमीटर सरकवा, म्हणजे एका पात्याने सोडलेली रेघ दुसरं कापून टाकतं. घाईच्या दिवसांत हा उपाय मी मनापासून सांगेन.

आता लाटा. फळीवर आडव्या बारीक लाटा दिसतात, पॉलिश केल्यावर तर फारच. त्या मोजता येतात. कटर मिनिटाला ५००० फेरे घेतो, पाती तीन आहेत आणि तुम्ही मिनिटाला सहा मीटर वेगाने फळी ढकलताय असं धरा. तिन्ही पाती सारखी कापत असतील तर लाटा ०.४ मिलिमीटरवर पडतात, म्हणजे सेंटीमीटरमध्ये पंचवीस. एकच पातं उंच असेल आणि तेच सगळं काम करत असेल तर १.२ मिलिमीटरवर, म्हणजे सेंटीमीटरमध्ये आठ. तिरप्या उजेडात पेन्सिलचं टोक फिरवून लाटा मोजा. आठ-नऊच निघाल्या तर उरलेली दोन पाती नुसती फिरताहेत. तुमच्या मशीनचे फेरे पाटीवर लिहिलेले असतात, त्यावरून हिशेब करा.

बैठक

माझ्या मशीनमध्ये नेमकं काय सापडलं ते सविस्तर सांगतो, कारण बहुतेकांचा घोळ इथेच असतो.

पाचर बाहेर काढली. पात्याला टेकणारी तिची बाजू तपकिरी-पिवळट, चकचकीत दिसत होती. वरून बघितलं तर वाटलं धातूच तो, वापरून गुळगुळीत झालाय. नखाने ओढत गेलो तर नख मधेच अडलं. कानशीच्या मागच्या टोकाने खरवडलं तेव्हा सुकलेल्या खळीसारखी पातळ खपली सुटून आली. फणसाचा चीक आणि भुसा, वर्षभर दाबून दाबून वार्निशासारखे बसलेले. ती खपली फिलर गेजच्या (फट मोजायच्या पातळ पत्र्यांच्या जुडीतल्या) ०.१० मिलिमीटरच्या पट्टीजवळ धरली, जाडी जवळजवळ सारखीच. म्हणजे आपल्या साध्या कागदाएवढी. ती अशी सलगही नव्हती, दोन ठिकाणी गाठीसारखी.

आता विचार करा. मी पातं मोजून बसवायचो, बोल्ट आवळायचो, सगळं बरोबर यायचं. मशीन तासभर चाललं की ब्लॉक गरम व्हायचा, चीक मऊ पडायचा, गाठ चपटी व्हायची आणि पाचरीची पकड थोडी सैल. पातं हलायचं. कमीच, पण रंध्याच्या कामात तेवढं पुष्कळ. आणि हे केवळ कामाच्या दर्जाचं प्रकरण नाही. पकड सुटलेलं पातं त्या वेगात बाहेर आलं तर माणूस जाऊ शकतो.

साफ करायला टर्पेंटाइन किंवा रॉकेल पुरतं. पाचरी आणि बोल्ट त्यात अर्धा तास भिजत ठेवा, मग पितळी ब्रशने घासा. जुन्या टूथब्रशने होतं, वेळ लागतो इतकंच. ब्लॉकमधली खाच सर्वांत महत्त्वाची. तिच्या तळाशी कोपऱ्यात भुसा दगडासारखा बसलेला असतो. बांबूची काडी चपटी तासून तिने तो काढा. पोलादी टोक वापरलं तर खाचेला ओरखडा पडतो आणि त्याची कडा वर उठते, म्हणजे नवी गाठ तुम्हीच तयार केलीत. काचकागदही नको. पाचरीच्या दोन्ही बाजू सपाट राहिल्या पाहिजेत आणि हाताने घासलं की कडा गोल होतात.

शेवटी कोरड्या फडक्याने पुसून घ्या. तेल ठेवू नका. आपल्याकडच्या दमट हवेत गंज येईल म्हणून इथे तेलाचा हात फिरवायचा मोह होतो, पण पाचर घर्षणावर धरते आणि तेलाने तेच जातं. तेल टेबलांना लावा.

पात्यांची पाठही बघा. धार लावून आलेल्या पात्याला पाठीमागे धातूची बारीक कूस राहिलेली असते. सपाट तेलदगडावर पाठ आडवी ठेवून दोनदा ओढली की जाते. पातं काचेच्या जाड तुकड्यावर धार खाली करून हलकेच उभं करा आणि मागून उजेड बघा. धार सरळ नसेल, मधे फुगीर किंवा पोकळ असेल, तर जगातली कुठलीही सेटिंग त्याला सरळ करणार नाही. धारवाल्याकडे परत न्या. तिन्ही पाती नेहमी एकत्रच धारेला द्या आणि परत आली की स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर एकेक ठेवून बघा. वजनात फरक असेल तर मशीन थरथरतं आणि बेअरिंगांना ते सोसत नाही. झिजून अरुंद झालेली पाती, ज्यांना पाचरीची पुरती पकड मिळत नाही, ती टाकून द्या. तिथे काटकसर नको.

माट्टी, किंदळ ही लाकडं पात्याची धार लवकर खातात, आणि सागवानात सिलिका असते म्हणून तेही. नुसता फणस चालवणाऱ्यापेक्षा तुम्हाला धार लवकर लावावी लागेल हे गृहीत धरा.

टेबल हललं तर सगळं मोजमाप वाया

पाती टेबलाशी जुळवायची असतात, म्हणून आउटफीड पक्कं आहे ना हे पहिलं बघायचं. एका कडेला पट्टीची चाचणी घ्या (ती पुढे सांगतो), मग कुणाला तरी टेबलाच्या बाहेरच्या टोकावर हाताने जोर द्यायला सांगा आणि पुन्हा चाचणी घ्या. आकडा बदलला तर टेबलाच्या उताराच्या खाचेत ढिलाई आहे. तिथली गिबची (खाचेतली ढिलाई काढणाऱ्या पट्टीची) स्क्रू थोडी आवळा आणि लॉक बोल्ट घट्ट करा. जून-जुलैत खाचेत गंज धरलेला असतो, तोही टेबलाला नीट बसू देत नाही. टेबल एकदा पूर्ण खाली-वर करून, पुसून, हलकं तेल देऊन मगच पुढे जा.

पट्टीची चाचणी

डायल गेज (काट्याने बारीक फरक दाखवणारं मापक) असेल तर उत्तमच. नसेल तरी हरकत नाही, मी आजही पट्टीवरच विश्वास ठेवतो. जुन्या सागवानाची, चांगली वाळलेली, सरळ रंधलेली फूटभर पट्टी घ्या. लोखंडी नको, धार मारली जाईल. पट्टी आउटफीड टेबलावर ठेवा, तिचं टोक पात्यांच्या पलीकडे, इनफीडच्या बाजूला येऊ द्या. आउटफीडच्या ओठाशी पट्टीवर पेन्सिलने खूण करा. आता पट्ट्याची पुली धरून कटर हाताने, सावकाश, कापायच्या दिशेने फिरवा. पातं पट्टीला उचलून थोडं पुढे नेतं आणि सोडतं. ओठाशी दुसरी खूण करा. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे तुमचं मोजमाप.

हे अंतर फार बोलकं आहे. माझ्या मशीनच्या पात्यांच्या टोकांचा घेर १०० मिलिमीटर व्यासाचा आहे. त्यात पट्टी ३ मिलिमीटर सरकली तर पातं टेबलापेक्षा साधारण ०.०२ मिलिमीटर वर आहे. ६ सरकली तर ०.०९, आणि १० सरकली तर ०.२५. हिशेब सोपा आहे: सरकलेल्या अंतराचं निम्मं करा, त्याचा वर्ग करा आणि पात्यांच्या घेराच्या व्यासाने भागा. ०.०७ मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसणार नाही, पण ३ आणि ६ मधला फरक पोरालाही दिसतो. शिवाय पातं वरच्या बिंदूवर नेमकं कधी येतं ते शोधत बसावं लागत नाही, फिरताना ते आपोआप त्यातून जातं.

प्रत्येक पात्याची चाचणी दोन ठिकाणी घ्या, फेन्सकडच्या टोकाला आणि तुमच्याकडच्या टोकाला. तीन पाती, सहा आकडे. खडूने टेबलावर लिहून ठेवा. सगळे तीन-साडेतीनच्या दरम्यान आले की पुरे. अर्ध्या मिलिमीटरच्या फरकाचा अर्थ उंचीत शतांश मिलिमीटरपेक्षा कमी, आणि त्याच्या मागे लागून दिवस घालवू नका. खरं सांगायचं तर पाती कितीही जुळवली तरी एखादं केसभर पुढे राहतंच. फळी सावकाश ढकला, लाटा जवळ येतात आणि पॉलिशखाली दिसत नाहीत.

पट्टी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवत जा. पावसाळ्यात उघड्यावर राहिलेली पट्टी बाक खाते, आणि वाकड्या पट्टीने दोन टोकांना दोन वेगळे आकडे दाखवले म्हणून मी एकदा नीट बसलेली पाती सोडली आहेत.

आवळताना

पातं बैठक सोडतं ते आवळताना. पाचर दाबली जाते तशी ती पात्याला थोडं वर किंवा खाली ओढते, आणि आपण मात्र आवळण्याआधीचा आकडा खरा धरून चालतो.

म्हणून तीन फेऱ्यांत आवळा. पहिल्या फेरीत सगळे बोल्ट हाताने लागतील तेवढेच. पातं जागेवर उभं राहील, पण हलक्या टिचकीने हलेल. माझ्या मशीनला खाली जॅक स्क्रू आहेत, त्यांनी उंची लावतो. ज्यांच्याकडे स्प्रिंग आहेत त्यांनी पातं लाकडाच्या ठोकळ्याने दाबून खाली न्यावं. दोन्ही नसतील, तर मजबूत लोहचुंबक आउटफीडवर ठेवून त्याच्या पुढे आलेल्या टोकाला पातं चिकटवून धरता येतं. उंची जुळली की दुसरी फेरी: आधी मधले बोल्ट, मग टोकाचे, प्रत्येकाला पाव वळसा. एका टोकाकडून सरळ दुसऱ्या टोकाकडे आवळत गेलात तर पातं त्या टोकाला उचललं जातं, मी स्वतः हे कित्येक महिने करत होतो. पुन्हा पट्टीची चाचणी. मग तिसरी फेरी त्याच क्रमाने, पुरतं घट्ट. पान्याला पाइप लावून जोर करू नका, बोल्टचे आटे जातात.

तिसऱ्या फेरीनंतर परत चाचणी घ्या. इथे एक गोष्ट लिहून ठेवण्यासारखी आहे. तुमचं मशीन पातं नेहमी एकाच बाजूला आणि जवळपास तेवढंच सरकवतं. माझं शेवटच्या फेरीत पट्टीला एक मिलिमीटरने पुढे ढकलतं, म्हणून मी दुसऱ्या फेरीत मुद्दाम दोन मिलिमीटरवर थांबतो. आवळून झालं की तीन येतात. हे कळेपर्यंत मी आवळायचो, मोजायचो, सोडायचो आणि परत तेच.

एकावेळी एकच पातं सोडा. तिन्ही मोकळी केली की ब्लॉकवरचा ताण बदलतो आणि आधी बसवलेलं पातंही थोडं हलतं. साफसफाईसाठी तिन्ही काढावीच लागतात, तेव्हा सगळी बसवून झाल्यावर पहिल्या पात्याची चाचणी पुन्हा घ्यायला विसरू नका.

सुरू करताना

कटर हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठेही ओठाला घासल्याचा आवाज नको. पाने, चुंबक, पट्टी, सगळं टेबलावरून उचला. सगळ्या बोल्टांवरून पाना एकदा शेवटचा फिरवा, मोजून. माझ्या ब्लॉकला बारा बोल्ट आहेत आणि मी बारा म्हणेपर्यंत प्लग लावत नाही. गार्ड बसवा. सुरू करताना पात्यांच्या रेषेत उभे राहू नका, बाजूला राहा. दोन मिनिटं रिकामं चालवा, बंद करा, प्लग काढा आणि बोल्ट पुन्हा तपासा. एखादा पाव वळसाही आत गेला तर त्याच्या पाचरीमागे अजून घाण आहे असं समजा आणि ते पातं परत काढा.

मग दोन फळ्यांची कड मारून एकमेकींवर उभ्या धरा, दाराच्या उजेडाकडे. टोकाला रेघ दिसली तर आउटफीड केसभर वर घ्या, फळी ओठाला अडली तर केसभर खाली. इथे पात्यांना हात लावू नका, ती जुळलेली आहेत, आता टेबलानेच काम होतं. आउटफीड हलवता न येणारं जुनं मशीन असेल तर मात्र तिन्ही पाती सारखीच खाली-वर करावी लागतील. टोकं जुळून मधेच उजेड दिसत राहिला, किंवा मध टेकून दोन्ही टोकं उघडी राहिली, तर दोन्ही टेबलं एका पातळीत नाहीत. तो निराळा आजार. त्यासाठी लांब सरळ पट्टी आणि टेबलाच्या खाचेत पत्र्याच्या चकत्या लागतात. पहिल्यांदा करत असाल तर जाणत्या माणसाला सोबत घ्या.

माझे पाट त्या दिवशी संध्याकाळी जुळले. शिकंजा नुसता टेकवण्यापुरता लावला आणि सांध्यातून गोंदाची सलग बारीक रेघ वर आली, या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी. आता फणसाचं काम चालू असेल तर दर पंधरवड्याला पाचरी काढून धुतो, सागवानाचं असेल तर महिन्याने. बसवल्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी, मशीन थंड असताना, सहाही आकडे परत घेतो आणि खडूने आधीच्या आकड्यांशेजारी लिहितो.